न्यू जर्सीत बाळगण्यासाठी लहान .४५ पिस्तूल: ९ मिमीचा नेहमीचा युक्तिवाद इथे लागू पडतो का?

रारिटनकाठ:

अमेरिकेत अंगावर दडवून बाळगण्यासाठी कोणते पिस्तूल घ्यावे असे कुणी विचारले, की आजकाल जवळजवळ सगळीकडे एकच उत्तर मिळते: ९ मिमी घ्या, .४५ चा जमाना गेला (हे आकडे गोळीच्या व्यासाचे, .४५ म्हणजे इंचात). टेक्सासमध्ये किंवा पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्याला हे उत्तर लागू पडतही असेल. आपल्यापैकी पुष्कळ जण मात्र न्यू जर्सीत राहतात, आणि या राज्याच्या कायद्याने त्या उत्तराचे दोन मोठे आधार काढून घेतलेले असताना ते जसेच्या तसे इथे सांगितले जाते, याला माझा आक्षेप आहे.

जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ब्रुएन खटल्याचा निकाल लागला आणि पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी खास गरज सिद्ध करण्याची इथली जुनी अट गेली. (एच-१बी सारख्या व्हिसावर असणाऱ्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवताच येत नाही. त्यामुळे पुढचे सगळे नागरिकांसाठी आणि ग्रीनकार्डधारकांसाठी आहे.) दोन जुनी बंधने मात्र तशीच राहिली. मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्या भरायच्या कप्प्यात, १० पेक्षा अधिक गोळ्या चालत नाहीत. हॉलो पॉइंट, म्हणजे पोकळ टोकाची गोळी घरात ठेवता येते, रेंजवर नेता येते, पण परवाना असूनही ती भरलेले पिस्तूल कमरेला लावून सामान्य नागरिकाला बाहेर पडता येत नाही.

आता ९ मिमीची बाजू कशावर उभी आहे ते पाहा. पहिला मुद्दा गोळ्यांच्या संख्येचा. पण १० च्या मर्यादेत ग्लॉक ३० हे लहान .४५ पिस्तूलसुद्धा मॅगझिनमध्ये पूर्ण १० गोळ्या घेते, आणि २०१८ साली बाजारात आलेले, सर्वांच्या पसंतीचे सिग पी३६५ हे ९ मिमी पिस्तूलही मूळ मॅगझिनमध्ये १० च घेते. दुसरा मुद्दा असा, की आधुनिक हॉलो पॉइंट गोळी शरीरात उमलते आणि त्यामुळे लहान व्यासाची उणीव भरून निघते. ती गोळीच बाहेर नेता येत नसेल, तर उरते पूर्ण धातूचे आवरण असलेली साधी गोळी, जी उमलत नाही. ती जेवढी आहे तेवढेच छिद्र पाडते. अशा स्थितीत .४५ च्या गोळीचा छेद ९ मिमीच्या गोळीपेक्षा क्षेत्रफळाने सुमारे ६० टक्के मोठा आहे, ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. आखूड नळीतून .४५ चा वेग घटतो आणि गोळी नीट उमलत नाही, ही तक्रारही इथे गैरलागू ठरते, कारण उमलण्याचा प्रश्नच उरलेला नाही.

धक्का अधिक बसतो हे मला मान्य आहे, परंतु त्यावर सराव हा उपाय आहे. गोळीच्या व्यासावर सरावाचा काहीही उपाय नाही.

ओक_ट्री_रोड:

आपण मांडणी नेटकी केली आहे, पण तिच्यातला दुसरा मुद्दा कायद्याच्या अपुऱ्या वाचनावर उभा आहे. बंदी आहे ती टोकाला पोकळी असलेल्या गोळीवर. ज्या गोळीच्या टोकातली पोकळी पॉलिमरने भरून टाकलेली असते ती हॉलो पॉइंट धरली जात नाही, असे राज्य पोलिसांनी स्वतःच स्पष्ट केले आहे आणि उदाहरणादाखल हॉर्नडी कंपनीच्या क्रिटिकल डिफेन्स व क्रिटिकल ड्यूटी या काडतुसांची नावेही दिली आहेत. याखेरीज फेडरल कंपनीची गार्ड डॉग ही गोळी आहे. तिचे आवरण बाहेरून अखंड असते आणि आदळल्यावर आतली मऊ सामग्री दबून टोक फाकते. म्हणजे उमलणारी गोळी न्यू जर्सीतही कायदेशीरपणे बाळगता येते. ती ९ मिमीमध्ये मिळते हे लक्षात घेतले, की आपला ६० टक्क्यांचा हिशेब बराचसा निकाली निघतो.

साध्या गोळीविषयी आपण एक बाजू सांगितलीच नाही. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. त्या चकमकीत ९ मिमीची एक गोळी हल्लेखोराच्या हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली होती. त्यानंतर एफबीआयने कसोटी ठरवली, की बॅलिस्टिक जिलेटिनमध्ये (मांसाच्या जागी चाचणीसाठी वापरायच्या जेलीत) गोळी किमान १२ इंच जावी आणि १८ इंचांपलीकडे जाऊ नये. साधी आवरणयुक्त गोळी, मग ती ९ मिमी असो की .४५, १८ इंच सहज ओलांडते. गर्दीच्या रस्त्यावर ती माणसाच्या आरपार जाऊन मागे कुणाला लागेल, हा विचार शस्त्र बाळगणाऱ्याने सर्वांत आधी करायला हवा. तेव्हा साध्या गोळीने भरलेले .४५ हा न्यू जर्सीचा तोडगा आहे, असे म्हणणे मला धोक्याचे वाटते.

त्याच एफबीआयने पुढे १० मिमी घेतले, मग .४० घेतले आणि २०१० च्या दशकात ती संस्था पुन्हा ९ मिमीवर आली, कारण तिचे बहुसंख्य अधिकारी ९ मिमीने अधिक अचूक आणि अधिक जलद नेम साधत होते. रोज शस्त्र वापरणाऱ्यांची ही कथा असेल, तर महिन्यातून एखाद्या रविवारी रेंजवर जाणाऱ्या तुम्हा-आम्हाला सरावाचा भरवसा कितपत धरता येईल?

मैत्रेयी_प:

मी दोन्ही प्रकारची पिस्तुले रेंजवर भाड्याने घेऊन चालवली आहेत, म्हणून जे हाताला जाणवले तेवढेच लिहिते. स्मिथ अँड वेसनचे .४५ चे शील्ड हातात घेतल्यावर फार आवडते. ते सपाट आहे, मूठ माझ्या लहान पंजात नीट बसते आणि कुर्त्याखाली कुठे उठून दिसेल असे वाटत नाही. सात यार्डांवर पहिली गोळी मधोमध गेली. दुसऱ्या गोळीपर्यंत मात्र नळीचे तोंड इतके वर उसळले, की मूठ तळव्यात फिरली, आणि तिसऱ्या गोळीच्या वेळी उजव्या अंगठ्याचा सांधा मुठीच्या वरच्या कडेला टेकून दुखू लागला. पकड पुन्हा जुळवल्याशिवाय चौथी गोळी झाडताच आली नाही. त्यानंतर लगेच पी३६५ घेतले. ते त्याहून हलके असूनही पाचही गोळ्या पकड न बदलता गेल्या आणि कागदावर तळहाताएवढ्या जागेत बसल्या.

रारिटनकाठ, तुम्ही १० विरुद्ध १० अशी तुलना करता ती ग्लॉक ३० घेऊन. ते पिस्तूल रिकामे असतानाच पाऊण किलोच्या आसपास भरते आणि जाडीला सव्वा इंचाहून अधिक आहे. पी३६५ रिकामे अर्धा किलो भरते. त्यात काडतुसांचे वजन वेगळे: .४५ ची दहा काडतुसे दोनशे ग्रॅमच्या पुढे जातात, ९ मिमीची दहा सव्वाशेच्या आसपास राहतात. आणि ज्या सपाट .४५ पिस्तुलाला तुम्ही खरोखर लपवू शकाल, त्यात सहा किंवा सात गोळ्याच मावतात. संख्येसाठी ग्लॉक ३० आणि लपवण्यासाठी शील्ड, असे दोन वेगवेगळ्या पिस्तुलांचे गुण एकाच पारड्यात टाकता येणार नाहीत.

रारिटनकाठ:

मैत्रेयीताई, वजनाचा मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच माझी शिफारस शील्डची नसून ग्लॉक ३० च्या एसएफ या बारीक मुठीच्या आवृत्तीची आहे. पाऊण किलोचे पिस्तूल बाळगायला जड जाते, पण झाडताना तेच वजन धक्का पिऊन घेते. शील्डमध्ये तुम्हाला जो त्रास झाला तो .४५ च्या काडतुसापेक्षा हलक्या सांगाड्याचा दोष अधिक आहे. चांगला जाड कमरपट्टा आणि पँटच्या आत बसणारे घट्ट होल्स्टर असेल, तर कपड्यातून उठून दिसतो तो मुठीचा खालचा कोपरा. नळीकडचा भाग कपड्यांत आपोआप दडतो. ग्लॉक ३० ची मूठ आखूडच आहे. गाडी चालवताना स्लाइडची (पिस्तुलाच्या वरच्या, मागे-पुढे सरकणाऱ्या भागाची) जाडी कमरेच्या हाडाला टोचते हे खरे आहे, आणि त्यावर होल्स्टर थोडे मागे सरकवण्यापलीकडे फारसा उपाय नाही.

ओक_ट्री_रोड, पॉलिमर टोकाच्या गोळीबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे. ती .४५ मध्येही मिळते, हे मात्र आपण सांगितले नाहीत: क्रिटिकल डिफेन्स १८५ ग्रेनमध्ये (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) आणि क्रिटिकल ड्यूटी २२० ग्रेनमध्ये. दोघांचीही गोळी उमलली, तर मोठी गोळी मोठीच राहील. एखादी न उमलली, तरी .४५ ची गोळी .४५ पेक्षा लहान होणार नाही. जाड कापडातून जाताना उमलणारी गोळी कधी कधी उमलत नाही, आणि न्यू जर्सीचा हिवाळा म्हणजे समोरच्याच्या अंगावर स्वेटर आणि त्यावर जाड कोट, हे विसरून चालणार नाही.

ओक_ट्री_रोड:

मोठी गोळी मोठीच राहील हे खरे, पण ती योग्य जागी लागली तर. पिस्तुलाच्या गोळीचा वेग रायफलीइतका नसल्यामुळे तिच्या भोवतालच्या मांसात निर्माण होणाऱ्या क्षणिक पोकळीने फारशी कायमची इजा होत नाही. गोळी प्रत्यक्ष ज्यातून जाते तेवढेच तुटते. त्यामुळे दोन व्यासांमधला अडीच मिलिमीटरांपेक्षाही कमी असलेला फरक तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा गोळी एखाद्या महत्त्वाच्या रक्तवाहिनीच्या अगदी काठावरून जाते. याउलट २३० ग्रेनच्या .४५ गोळीचा संवेग १२४ ग्रेनच्या ९ मिमी गोळीपेक्षा एक तृतीयांशाहूनही अधिक प्रमाणात जास्त असतो, आणि तो धक्का प्रत्येक गोळीला, प्रत्येक वेळी हाताला सोसावा लागतो. क्वचित मिळणाऱ्या लाभासाठी नेहमीची किंमत मोजायची, हा व्यवहार मला पटत नाही.

शिवाय सराव खर्चाचा आहे. .४५ ची साधी काडतुसे ९ मिमीच्या साधारण दीडपट भावाने पडतात, आणि सरावावर सगळी भिस्त ठेवणाऱ्या युक्तिवादाला हा खर्च टाळता येत नाही.

देवगडचा_बाळू:

मी .४५ च्या बाजूचा आहे, परंतु रारिटनकाठ यांनी ज्या गोष्टीला हात लावला नाही तिच्याबद्दल सावध करावेसे वाटते. लहान .४५ म्हटले, की पुष्कळांच्या मनात १९११ या नावाच्या जुन्या पिस्तुलाची आखूड आवृत्ती येते. जॉन ब्राउनिंगचे मूळ पिस्तूल पाच इंची नळीचे होते, आणि अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेल्या त्या रचनेचा सगळा ताल त्या लांबीवर बसवलेला होता. कोल्टने १९८५ साली ऑफिसर्स एसीपी हे साडेतीन इंची नळीचे पिस्तूल काढले, आणि नंतर इतरांनी तीन इंचांपर्यंत मजल मारली. नळी आखूड झाली, की स्लाइडही आखूड आणि हलकी होते, मागे वेगाने येते, आणि मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचे काडतूस वर उचलून द्यायला कमी वेळ मिळतो. म्हणून अशा पिस्तुलांत स्लाइडला परत पुढे ढकलणारी स्प्रिंग लवकर बदलावी लागते, आणि पकड किंचित सैल पडली तरी काडतूस अडकण्याची शक्यता वाढते. दिसायला सुंदर आहे म्हणून तीन इंची १९११ घेऊ नका. त्यापेक्षा ९ मिमी केव्हाही परवडले.

इथे प्रत्येक हँडगनच्या खरेदीसाठी स्वतंत्र परवाना काढावा लागतो, आणि तीस दिवसांत एकापेक्षा अधिक घेता येत नाही. एक घेऊन पाहू, जमले नाही तर दुसरे, असे करणे या राज्यात सोपे नाही. तेव्हा मैत्रेयीताईंनी केले तसे आधी भाड्याने चालवून पाहावे, आणि नुसती एक गोळी मधोमध लागली म्हणून समाधान मानू नये.

मैत्रेयी_प:

बाळूदादा, सहमत आहे. मी ग्लॉक ३० एसएफ अजून चालवलेले नाही. रारिटनकाठ म्हणतात तसे वजनाने धक्का खरोखर आटोक्यात येत असेल, तर पाच गोळ्यांची ती कसोटी त्यावरही घेईन. तोपर्यंत माझ्या कमरेला ९ मिमीच राहील, आणि त्यात पॉलिमर टोकाची गोळी.

रारिटनकाठ:

जरूर घ्या, आणि शक्य झाल्यास बाळगायची तीच काडतुसे वापरा, कारण रेंजवरच्या स्वस्त काडतुसांचा धक्का बहुतेकदा सौम्य असतो. माझे मत कायम आहे: ज्याला पाऊण किलो वजन दिवसभर कमरेला चालते आणि ज्याचा पंजा ती मूठ पूर्ण वेढतो, त्याने न्यू जर्सीत १० गोळ्यांचे .४५ टाळण्याचे कारण नाही. ज्याला हलके आणि सपाट पिस्तूलच हवे आहे, त्याने मात्र सहा गोळ्यांच्या .४५ पेक्षा दहा गोळ्यांचे ९ मिमी घ्यावे, एवढे ओक_ट्री_रोड यांचे म्हणणे मी मान्य करतो.