खुडूक कोंबडीखालची अंडी पुसायची का?

मुळशीकर: काल इथे एकाने छाती ठोकून लिहिलंय, "खुडूक कोंबडीखालची घाण अंडी रोज ओल्या फडक्याने पुसा, पिल्लं जास्त निघतात." अहो, कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यावर कोंबडीचाच लेप असतो. तो पुसला की जंतूंना दार उघडं. त्यात पाणी गार असेल तर उबेतलं अंडं आतून आकसतं आणि बाहेरची घाण आत ओढून घेतं. माझ्या पहिल्या खेपेला 11 पैकी 7 सडली. एक तर हातातच फुटलं. तो वास अजून नाकात आहे.

गच्चीवाला धायरी: लिहिणारा मीच. 12 पैकी 10 निघाली, पुसूनच. तुम्ही सातव्या दिवशी टॉर्च लावून वांझ अंडी काढली होतीत का? आणि एक फुटून बलक बाकीच्यांवर वाळला, छिद्रं बुजली, तर आतल्या पिल्लाने श्वास कुठून घ्यायचा?

भोरची आक्का: भांडण टोपलीचं आहे, अंड्याचं नाही. सासूबाई खाली राख, वर भाताचा पेंढा, कडेला कोळसा आणि खिळा ठेवायच्या. शीट वाळली की नखाने हलकेच खरवडायच्या. पाणी लावलं तर आमचीच खरडपट्टी. दिवसातून एकदा कोंबडी दाणापाण्याला उठते, तेव्हा अंगणात सोडा, तिकडेच घाण करेल.

कोथरूड मशीनवाला: खिळा?? आकाशात वीज कडाडली की अंडी बिघडतात म्हणून ना? 2026 चालू आहे आक्का.

भोरची आक्का: तुमच्या अंडी उबवायच्या मशीनची लाईट गुरुवारी गेली की काय होतं, तेही लिहा.

कोथरूड मशीनवाला: गेली. सहा तास. 30 पैकी 4 निघाली. झालं समाधान? इन्व्हर्टर घेतलाय आता.

भोरची आक्का: माझ्या कोंबडीला इन्व्हर्टर लागत नाही. 21 दिवस पोटाखाली.

गच्चीवाला धायरी: नशीबवान आहात. आमच्या सोसायटीने कोंबडा आरवतो म्हणून नोटीस लावलीय. डीजेला नोटीस नाही!

कोथरूड मशीनवाला: पहाटे चारला आरवत असेल तर मीही लावली असती.

मुळशीकर: मूळ विषयावर या. बलक लागला असेल तर अंड्यापेक्षा जरा गरम पाण्यात फडकं पिळून तेवढाच डाग टिपा, लगेच कोरडं करून परत कोंबडीखाली. एवढं मान्य. रोज पुसणं हा मूर्खपणाच.

गच्चीवाला धायरी: म्हणजे पुसायचं. एवढं कबूल करायला 7 अंडी सडवलीत.

भोरची आक्का: आणि खिळा गंजका नको.