पहिले बाळंतपण दुबईत करावे की फोंड्याला यावे?

प्रश्न: फोंड्याची लेक (सध्या दुबई)

नमस्कार. माझे माहेर फोंड्याला आणि सासर डिचोलीला असून लग्नानंतर आम्ही दोघेही दुबईत नोकरी करतो. मला चौथा महिना चालू आहे. हे पहिलेच बाळंतपण असल्यामुळे ते माहेरी व्हावे, अशी आईची मनापासून इच्छा आहे. आमच्या घराण्यात आजवर तसेच होत आले आहे: सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की मुलगी माहेरी राहते, बारसे उरकून बाळ सव्वा महिन्याचे झाल्यावरच सासरी जाते आणि तोवर तिला कोणी कामाला हात लावू देत नाही. मलाही त्याची ओढ आहे.

परंतु माझ्या पतीला फार तर आठवडाभराची रजा मिळेल. मी फोंड्याला गेले तर प्रसूतीच्या वेळी ते जवळ असतील की नाही, हे नशिबावरच अवलंबून राहील. बाळाचे पहिले दोन-तीन महिने त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर पाहावेत, ही कल्पनाच मला सहन होत नाही. दुसरीकडे, इथे राहिले तर ओळखीचे असे कोणीच नाही. शेजारीण भली आहे, पण तीही नोकरीवाली.

माझा व्हिसा पतीच्या नावावर नसून माझ्या स्वतःच्या नोकरीवर आहे. शिवाय सासऱ्यांचा जन्म १९६१ पूर्वीचा, म्हणजे गोव्यातील पोर्तुगीज राजवटीतला असल्यामुळे पतींनी लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट घ्यावा, असा विषय घरात अधूनमधून निघतो. बाळाच्या नागरिकत्वावर या सगळ्याचा काय परिणाम होतो, हे मला नीट कळलेले नाही. ज्यांनी हा निर्णय घेतला आहे किंवा जवळून पाहिला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: निवृत्त परिचारिका, म्हापसा

मुली, मी अनेक वर्षे प्रसूती कक्षात काम केले आहे, म्हणून वैद्यकीय बाजूपुरतेच लिहिते.

दुबई आणि गोवा, दोन्ही ठिकाणी सुरक्षित प्रसूतीची सोय आहे. फोंड्यात सरकारी रुग्णालय आहे, खासगी प्रसूतिगृहे आहेत आणि काही गुंतागुंत झालीच तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे. त्यामुळे कुठले रुग्णालय चांगले, या वादात फार वेळ घालवू नकोस. ज्या डॉक्टरांनी तुला पहिल्या तिमाहीपासून पाहिले आहे, त्यांना सोडून सातव्या-आठव्या महिन्यात नव्या डॉक्टरांकडे जाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. ऐन शेवटी हातात फाईल घेऊन आलेल्या बाईचा रक्तदाब आधीपासून वाढता होता की आताच वाढला, हे ठरवताना आमची किती धावपळ होते, ते मी पाहिले आहे.

यायचे ठरवलेस तर १८ ते २२ आठवड्यांमधली सविस्तर सोनोग्राफी आणि २४ ते २८ आठवड्यांमधली साखरेची तपासणी तिथेच पूर्ण करून घे आणि सर्व अहवालांच्या छापील प्रती सोबत आण. तुझा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीराने बाळाच्या रक्ताला विरोध करू नये म्हणून २८ व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डीचे इंजेक्शन घ्यायचे असते आणि बाळ पॉझिटिव्ह निघाले तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. नेमका याच सुमारास प्रवास झाला की ते पहिले इंजेक्शन दोन डॉक्टरांच्या मध्ये राहून जाते. प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने दिले असेल. आणखी एक गोष्ट: तिथल्या अहवालात बाळाचे लिंग लिहिलेले असू शकते, परंतु आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगण्यास बंदी आहे, म्हणून इथल्या सोनोग्राफीच्या वेळी तो विषय काढू नये.

विमानाचे म्हणशील तर बहुतेक कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचे पत्र मागतात आणि साधारण ३५-३६ आठवड्यांनंतर बसू देत नाहीत. जुळी असतील तर ही मुदत आणखी अलीकडे येते. गरोदरपणी पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून प्रवास लहान असला तरी मधून मधून उठून चालावे आणि पाणी भरपूर प्यावे.

उत्तर: डिचोलीची सून, दुबई

ताई, माझे बाळंतपण दुबईतच झाले आणि तुम्हीही तिथेच राहावे, असे मी स्पष्टपणे सुचवते. कारण भावनेचे नाही, रजेच्या हिशेबाचे आहे, आणि हा हिशेब घरची वडीलधारी मंडळी सहसा मांडत नाहीत, कारण त्यांच्या काळी तो नव्हताच.

संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्याप्रमाणे खासगी नोकरीत प्रसूती रजा ६० दिवसांची असते. त्यातले ४५ दिवस पूर्ण पगारी आणि १५ दिवस अर्ध्या पगारी. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे मिळतात आणि आपल्या आयांच्या डोळ्यांसमोर ती मोठी रजा असते. आता असे पाहा की विमान कंपन्यांच्या नियमांमुळे तुम्हाला ३३-३४ व्या आठवड्यापर्यंत तरी गोव्यात पोहोचावे लागेल. प्रसूती चाळिसाव्या आठवड्याच्या आसपास धरली, तर वार्षिक रजा जोडूनही तुमची बरीचशी रजा बाळ जन्माला येण्याच्या आधीच वाट पाहण्यात संपते. त्यानंतर बाळाचा जन्मदाखला, मग पासपोर्ट, मग अमिरातीचा प्रवेश परवाना. ही साखळी पूर्ण होईपर्यंत तुम्हाला बिनपगारी रजा तरी घ्यावी लागेल किंवा बाळाला आईकडे ठेवून परतावे लागेल. पहिला पर्याय तुमची कंपनी लेखी मान्य करत असेल, तर फोंड्याला जरूर जा. दुसऱ्या पर्यायाचा मात्र विचारही करू नये, असे मला वाटते. तसेच अमिरातीबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक राहिल्यास सर्वसाधारण निवासी व्हिसा रद्द होतो, हेही ध्यानात असू द्या.

दुबईत प्रसूती करायची तर विवाहाचा दाखला साक्षांकित केलेला हवा. गोव्यात विवाहाची नागरी नोंदणी सर्वांनाच करावी लागत असल्यामुळे दाखला तुमच्याकडे असणारच; परंतु तुमचा व्हिसा स्वतःच्या नोकरीवर असल्याने तो साक्षांकित करण्याची वेळ कदाचित आलीच नसेल. राज्य शासन, दिल्लीचे परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीचा दूतावास आणि शेवटी अमिरातीचे परराष्ट्र मंत्रालय असा त्याचा प्रवास असतो, म्हणून हे काम याच महिन्यात सुरू करा. दुबईत आरोग्य विमा सक्तीचा असून त्यात प्रसूतीचा समावेश असतो, पण रकमेची कमाल मर्यादा आणि तुम्ही भरायचा वाटा प्रत्येक योजनेत वेगळा असतो. सिझेरियन झाल्यास किती मिळतील, हे लेखी विचारून घ्या. विम्याच्या यादीत लतीफा रुग्णालय असेल तर अवश्य पाहून या, ते खास स्त्रिया आणि मुलांसाठीच आहे. भारतात मात्र आता नवा विमा काढून उपयोग नाही, कारण प्रसूतीसाठी प्रतीक्षाकाळ ठेवलेला असतो आणि आधीच सुरू झालेल्या गरोदरपणाला असा विमा लागू पडत नाही.

उत्तर: वकील, मडगाव

आपल्या प्रश्नातील नागरिकत्वाच्या भागाविषयी लिहितो.

अमिरातीत जन्म झाला म्हणून तिथले नागरिकत्व मिळत नाही. त्यामुळे अमेरिकेत असलेल्या जोडप्यांच्या मनात जो मोह असतो, तो आपल्या बाबतीत मुळातच उद्भवत नाही. बाळ दुबईत जन्मले काय किंवा फोंड्यात, आपण दोघेही भारतीय नागरिक असाल तर ते भारतीयच होऊ शकते. फरक मार्गाचा आहे. फोंड्यात जन्मल्यास नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ३ प्रमाणे ते जन्मानेच भारतीय ठरते. परदेशात जन्मल्यास कलम ४ प्रमाणे ते वंशाने भारतीय ठरते, परंतु ३ डिसेंबर २००४ पासून त्यासाठी जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदणी करणे आवश्यक आहे आणि त्या वेळी बाळाकडे अन्य देशाचा पासपोर्ट नसल्याचे पालकांना लेखी जाहीर करावे लागते. वर्ष उलटल्यावर केंद्र सरकारची परवानगी लागते. मतदान, मालमत्ता, नोकरी यांबाबत पुढे दोन्ही मुलांचे हक्क सारखेच. अमिरातीत बाळाचा निवासी व्हिसा जन्मानंतर १२० दिवसांत काढावा लागतो आणि त्यासाठी पासपोर्ट हवा असल्यामुळे वकिलातीतील काम आपोआपच लवकर उरकले जाते.

पोर्तुगीज पासपोर्टचा विषय मात्र प्रसूतीच्या धांदलीत मिसळू नये, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. आपल्या पतींनी स्वेच्छेने पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारल्यास कलम ९ प्रमाणे त्यांचे भारतीय नागरिकत्व संपते. आपण भारतीय राहिलात तर आपल्या बाजूने बाळाचा भारतीय नागरिकत्वाचा हक्क शिल्लक राहतो. पण त्याच बाळासाठी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, तर वकिलातीत वरील घोषणा करता येत नाही. आपला देश दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही आणि परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड हे नागरिकत्व नव्हे. गोव्यातील कितीतरी घरांत एका भावाचा पासपोर्ट एका देशाचा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या देशाचा आहे. ती निवड विचारपूर्वक केलेली असेल तर त्यात वावगे काही नाही. परंतु ती मोठ्या माणसाने स्वतःसाठी, पूर्ण माहितीनिशी करावी. बाळाच्या बाबतीत तरी दोन्ही पालकांचे एकमत झाल्याखेरीज कोणताही अर्ज करू नये.

प्रसूती गोव्यात झाली तर जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, त्यामुळे नावांचे स्पेलिंग आई-वडिलांच्या पासपोर्टशी अक्षरशः जुळवून घ्या. वडील परदेशात असल्यास बाळाच्या पासपोर्टसाठी त्यांचे प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवावे लागते. ते प्रसूतीची वाट न पाहता कसे करायचे, याची चौकशी करून ठेवावी.

उत्तर: सावईवेऱ्याची आजी

माझ्या मुलीचे बाळंतपण जर्मनीत झाले. ती इथे येणार नाही म्हणाली तेव्हा मला वाईट वाटले होते, हे लपवत नाही. तिथे हेबामे नावाची सुईण बाळंतपणानंतर घरी येऊन बाळाचे वजन घेते, आईची जखम पाहते, दूध कसे पाजायचे ते शिकवते आणि तिचा खर्च सरकारी विम्यातून होतो. ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिने माझ्या मुलीला आधी विचारले की तू जेवलीस का आणि झोपलीस का. भाषा कळत नव्हती, पण ते मला कळले.

बाये, तुझ्या आईला माझा एकच निरोप दे. लेकीने माहेरी येणे आणि माहेर लेकीकडे जाणे, यांत आईपणाला काही कमी पडत नाही. मात्र व्हिसाचे दिवस मोजके असतात, ते आधी वाया घालवू नयेत. मी युरोपच्या शेंगेन व्हिसाचे ९० दिवस बाळंतपणाच्या अगदी तोंडावर सुरू केले, कारण आईची खरी गरज रुग्णालयातून घरी आल्यानंतर लागते. तोवर नवरा असतो आणि त्याने असायलाच हवे. माझा जावई रात्री उठून बाळाचे कपडे बदलायचा. माझ्या पिढीत पुरुषाने बाळंतिणीच्या खोलीत डोकावायचीसुद्धा पद्धत नव्हती, पण त्या मुलीला जो आधार मिळाला तो मी एकटी देऊ शकले नसते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. रजेचा हिशेब आम्ही दोघांनी काल कागदावर मांडला आणि माझ्या कंपनीकडे बिनपगारी रजेची चौकशीही केली. ती मिळण्याची शक्यता नाही. त्यामुळे प्रसूती दुबईत करायची आणि आईने इकडे यायचे, असे आमचे ठरत आले आहे. आजींचा निरोप मी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने पासपोर्ट कुठल्या कपाटात आहे, ते बाबांना विचारले. पासपोर्टची मुदत संपत आली आहे, म्हणून पणजीच्या कार्यालयातील वेळ तिने आजच घेतली. आता दोनच शंका उरल्या आहेत: आईने नेमके केव्हा यावे आणि बाळाला पुढे गोव्यात नेल्यावर लसींचा घोळ होईल का?

उत्तर: डिचोलीची सून, दुबई

भेटीचा व्हिसा वेगवेगळ्या मुदतींचा मिळतो. निदान ६० दिवसांचा घ्या आणि आईला अपेक्षित तारखेच्या साधारण आठवडाभर आधी बोलवा; पहिली खेप पुष्कळदा तारखेच्या पुढे जाते. सामानाबाबत एक महत्त्वाची सूचना आहे. आपल्याकडे डिंकाच्या लाडवांत खसखस घालतात, पण अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि ती सापडल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो. लाडवांत किंवा मसाल्यात ती अजिबात नको. अळीव, डिंक, बाळंतशेपा आणि नाचणी इथल्या भारतीय दुकानांत मिळतात, त्यामुळे लाडू आईने इथेच केलेले बरे. आईची रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणावीत. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधे पूर्वपरवानगीशिवाय आणता येत नाहीत.

उत्तर: निवृत्त परिचारिका, म्हापसा

लसींचे वेळापत्रक दोन्ही देशांत थोडे वेगळे आहे. बीसीजी आणि हिपॅटायटिस बी जन्मतः दोन्हीकडे देतात. त्यानंतर आपल्याकडे ६, १० आणि १४ आठवड्यांना डोस असतात, तर तिथे २, ४ आणि ६ महिन्यांना. तुम्ही राहणार तिथे, म्हणून तिथलेच वेळापत्रक पाळा. सुट्टीत गोव्याला आलात आणि एखादा डोस त्या दिवसांत येत असेल, तर निघण्यापूर्वी तिथल्या बालरोगतज्ज्ञांना विचारून तो तिथेच घ्या किंवा लसीचे कार्ड घेऊन इथल्या डॉक्टरांकडे जा. कार्ड मात्र चेक-इनच्या बॅगेत टाकू नकोस, पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेव.