ईकोला घरीच रॅप आणि सब-वूफर: गॅरेजवाले खरंच लुटारू?

वायरिंगवाला, कुडाळ:
काल इथे एकाने आपल्या मारुती ईको व्हॅनचे फोटो टाकले. मॅट काळा रॅप (रंगावर चिकटवायची फिल्म), दारं कापून बसवलेले स्पीकर, मागे बासचा सब-वूफर, सगळं अंगणात बसून केलेलं. काम बघून बरं वाटलं. पण खालची ओळ डोक्यात गेली: 'गॅरेजवाले नुसते लुटतात, हे काम शेंबडं पोरही करेल.'

बाबा रे, तुझ्याच फोटोत बॅटरीवरून निघालेल्या लाल वायरला फ्यूज दिसत नाही. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तो ॲम्प (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) वाचवायला नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली. तिथल्या गरमीत वायर पत्र्याला घासून सोलली की थेट शॉर्ट, आणि वर तू बसलेला. शिवाय कापलेलं टोक रुपेरी दिसतंय, म्हणजे ते तांबं नव्हे, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. विजेला रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. खाऱ्या हवेत टोकाची पांढरी पावडर होते, आवाज तुटायला लागतो, आणि शिव्या खातो स्पीकर. रंग बदललास त्याची आरसीवर नोंद केलीस का, ते तर विचारतच नाही.

देवरुखी ईको:
फोटो माझेच. फ्यूज आहे, सीटखाली. फोटोत नाही म्हणजे गाडीत नाही असं कुठे असतं? वायर स्वस्तातली आहे, पण एक साइज जाड घेतलीय.

लुटारू का म्हणालो तेही ऐका. आधीच्या गाडीला शहरातल्या एका दुकानात स्पीकर बसवले. डॅम्पिंगच्या, म्हणजे पत्र्याची थरथर दाबण्याच्या, नावाखाली त्यांनी दारात आतून छपराची डांबरी शीट चिकटवली आणि तिनेच दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवली. पावसाळ्यात दार उघडलं की आत डुबुक डुबुक. गणपतीपर्यंत खालची कड फुगली, नखाने टोकरलं तर रंगासकट पापुद्रा हातात. दुकानदार म्हणतो, 'कोकणात गंजतंच हो.' तेव्हापासून पाना मी धरला. भोकं मोकळी ठेवून ब्युटाइल रबराची शीट लावली. अर्थिंगची वायर पत्र्याला जोडायला रंग खरवडला तिथे बोल्ट आवळून वर ग्रीस फासलं. तुमच्यातले किती जण करतात हे?

आबा मालवणी:
अरे झिलांनो, गंज काय स्पीकरान येता? देवबागेक गाडी पुळणीत घालूची, फोटो काढूचे आणि तशीच घराक. खालसून गोड्या पाण्यान धुतास काय कोण? माझी ओमनी अजून चलता. कंपनीन 2019 ला बंद केली, मिया नाय केली.

चाकरमानी, डोंबिवली:
आलं, पुळणीवर आलं! म्हणजे शेवटी दोष आमचाच. मुंबई-गोवा हायवेचं पनवेल-इंदापूर काम 2011 ला सुरू झालं, त्यावर कोणी बोलणार नाही. गणपतीत माणगावच्या कोंडीत पोरांना घेऊन बसा, मग विचारा गाडीत सब-वूफर कशाला.

दर्याकाठी, गुहागर:
कोंडीत वाजवा हो, पण वाडीत शिरताना तरी बंद करा. गेल्या वर्षी रात्री साडेअकराला एक गाडी आमच्या पाणंदीत धडधडत आली, काचा खाली. आई नुकती ऑपरेशन होऊन घरी आलेली, दचकून उठून बसली. सांगायला गेलो तर म्हणे, 'गाव आमचंही आहे.' आहे ना. गावात आठवडाभर असता, तेवढ्यात दाखवून देता.

चाकरमानी, डोंबिवली:
मग शिमग्याला वर्गणीसाठी फोन कोणाला येतात? तेव्हा गाव आमचं असतं!

दर्याकाठी, गुहागर:
वर्गणी देता म्हणून रात्री दहानंतरचा नियम तुम्हाला माफ? पावतीवर तसं लिहिलेलं वाचलं नाही मी.

आबा मालवणी:
झाला, ईको रवली बाजूक, शिमगो सुरू.

वायरिंगवाला, कुडाळ:
शिमग्याचा वेगळा धागा काढा. देवरुखकर, पाणी जायची भोकं मोकळी ठेवलीस, ग्रीस लावलंस, हे आमच्या धंद्यातले निम्मे लोक करत नाहीत. शेंबडं पोर एवढं करत असेल तर माझ्याकडे पाठव, पगार देतो. आता खरं सांग, ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून 'वुईं' येतं की नाही?

देवरुखी ईको:
येतं थोडं. गाणं चालू असताना कळत नाही.

वायरिंगवाला, कुडाळ:
म्हणजे ॲम्पला गाण्याचा सिग्नल नेणारी आरसीए केबल पॉवर वायरला चिकटूनच नेलीस. ती गाडीच्या दुसऱ्या बाजूने ने. तरी गेलं नाही तर अर्थिंग तपास. आणि 'सीटखाली' म्हणजे बॅटरीपासून किती, ते मोजून सांग.

देवरुखी ईको:
उतरतो साहेब पट्टी घेऊन. आरटीओतही तीच नेऊ का, रॅप मोजायला?