नागपूर–रामटेक ॲव्हरेज स्पर्धा: गाडी शोरूमसारखीच हवी की बदल चालतील?

झिरोमाइल (धागाकर्ता)

नागपूरहून रामटेक आणि परत अशी साधारण १०० किलोमीटरची ॲव्हरेज स्पर्धा डिसेंबर-जानेवारीत घ्यायचं ठरतंय. मैत्रीची स्पर्धा आहे, बक्षीस वगैरे काही नाही. कच्चे नियम असे: कामठी रोडवरच्या एकाच पंपावर टाकी फुल करायची, कन्हान-मनसर मार्गे रामटेक गाठायचं आणि परत त्याच पंपावर यायचं. वेळ सव्वादोन तास, म्हणजे सरासरी ४५ च्या आसपास. त्याहून उशीर झाला तर गाडी बाद, कारण हायवेवर कोणी ३० नं रांगत जाऊन मागच्यांच्या जिवाशी खेळू नये. एसी बंद. प्रत्येक गाडीत दुसऱ्या गाडीचा एक जण निरीक्षक म्हणून बसेल.

वाद एकाच कलमावर आहे. माझं मत असं की गाडी कंपनीतून आली तशीच असावी. टायर मूळ मापाचे, हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, स्टेपनी आणि जॅक जागेवर, हवेचा विरोध कमी करायला ग्रिलवर पट्टी नाही, गाडीखाली पत्रा नाही. स्पर्धा उजव्या पायाची आहे. अमेरिकेत १९३६ ते १९६८ या काळात मोबिलगॅस इकॉनॉमी रन व्हायची, ती शोरूमच्या गाड्यांचीच, आणि कोणी हात लावू नये म्हणून बॉनेटला सील ठोकत. ज्याच्या घरी वेल्डिंग मशीन आहे तोच जिंकणार असेल तर बाकीचे पुढच्या वर्षी फिरकणारही नाहीत.

स्पॅनर१२

भाऊ, इतिहास सांगता तर दुसरी बाजूही सांगा. १९३९ साली इलिनॉयमध्ये शेलच्या संशोधकांनी एका गॅलनमध्ये कोणाची गाडी लांब जाते यावर आपसांत पैज लावली. आजची शेल इको-मॅरेथॉन त्याच पैजेतून निघाली. तिथं गाडी बदलणं हाच तर खेळ आहे.

आणि 'शोरूमसारखी' म्हणजे नेमकी कशी? पाच वर्षं वापरलेली गाडी शोरूमसारखी राहतच नाही. ब्रेक कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना सुकून जाम होतात आणि पॅड डिस्कला सतत घासत राहतो. त्या पिना काढून साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं की फरक लगेच दिसतो. (साधं पेट्रोलियम ग्रीस लावू नका, रबरी बूट फुगून पिना पुन्हा अडकतात.) तपासायचं असेल तर मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता जा, थांबा आणि चारही रिमजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग गेलंय. अलाइनमेंटचंही तसंच. टायरवर तळहात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं लागलं तर टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बिघडलाय, म्हणजे टायर सरळ धावायच्या ऐवजी रोज थोडा खरवडत चाललाय.

हे बदल नाहीत, हा गाडीचा हक्क आहे. तुमच्या कलमात हे बसतं की नाही ते आधी सांगा.

झिरोमाइल

सर्व्हिसिंग बसतं, शंभर टक्के. कंपनीच्या मापात आणणं वेगळं आणि मापाबाहेर नेणं वेगळं. ३३ ऐवजी ४४ पीएसआय हवा भरणं दुसऱ्यात येतं.

लिटरमीटर

भांडण्याआधी आकडे बघू, म्हणजे कुठल्या बदलानं किती मिळतं ते कळेल. १००० किलोची साधी हॅचबॅक धरा. टायर लोळण्याचा विरोध साधारण ११८ न्यूटन, आणि तो वेगाप्रमाणे फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: ५० ला ७८ न्यूटन, ६० ला ११२, ८० ला १९८, १०० ला ३११ च्या घरात. म्हणजे साठाच्या आसपास दोन्ही सारखे होतात. या स्पर्धेची सरासरी ४५ आहे. इथं टायर आणि ब्रेक राज्य करतात. गाडीखाली पत्रा आणि चाकांवर झाकणं लावणाऱ्यानं समृद्धी महामार्गावर १०० नं स्पर्धा घ्यावी, तिथं त्याच्या मेहनतीचं चीज होईल.

ग्रिलवरच्या पट्टीचं तर उलटंच होतं. ५० च्या वेगाला गाडी ढकलायला एकूण लागतात जेमतेम पावणेतीन किलोवॉट. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की तो २०० वॉटच्या आसपास ओढतो, आणि अल्टरनेटरची (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची) घट धरली तर इंजिनावर तीनशेच्या वर वॉटचा बोजा पडतो. दहा टक्क्यांहून जास्त! ग्रिल झाकून हवेत जे वाचवलं त्याच्या कितीतरी पट पंख्यानं खाल्लं. नागपुरात पट्टी लावायचीच असेल तर डिसेंबरच्या पहाटे, खालची अर्धी जाळी, आणि डोळा कूलंटच्या तापमानावर.

स्टेपनी काढण्याचा मोहही सोडा. १४ किलो म्हणजे वजनाच्या दीड टक्क्याच्या आत, टायरच्या विरोधात दीड-पावणेदोन न्यूटन. मनसरजवळ पंक्चर झालं की ते दोन न्यूटन फार महाग पडतील.

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. जुन्या हॅलोजन हेडलाइटचे दोन दिवे मिळून ११० वॉट. उजाडल्यावर निघा. डिसेंबरात सातपर्यंत लख्ख होतं.

वर्धारोड

माझा विरोध आकड्यांच्या पलीकडचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. आरसे काढणं, बंपर कापणं, सीट काढणं अशा गोष्टी 'मैत्रीची स्पर्धा' म्हणून माफ होत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. कलम १८९ वेगाच्या शर्यतींबद्दल आहे. आपली शर्यत वेगाची नाही, तरी पंधरा गाड्या एका ओळीत सोडू नका. पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं सोडा आणि पोलिसांना आधी लेखी कळवा.

हवेचं म्हणाल तर ३३ चं ३८ केलं की ॲव्हरेज एखाद टक्का वाढतं. पण टायरचा मधला पट्टाच रस्त्याला टेकतो आणि ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. शिवाय ही हवा सकाळी गार टायरमध्ये भरलेली असते. दर ५-६ अंशांना साधारण एक पीएसआय चढतो. मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवर काय होईल याचा विचार करा.

स्पॅनर१२

आरसे काढायला मीही सांगत नाही. पण डिसेंबरच्या पहाटे ३८ पीएसआय आणि मे महिन्याची दुपार एकाच तराजूत तोलू नका. टायरच्या कडेवर कमाल दाब छापलेला असतो, बहुतेक हॅचबॅकच्या टायरवर तो ४४ किंवा ५१ असतो. ३६ ची मर्यादा घाला आणि सुटायच्या आधी एकाच गेजनं सगळ्यांची हवा तपासा. पंक्चरवाल्यांकडचे दोन गेज कधी एकमेकांशी जुळत नाहीत.

खरा धोका वेगळाच आहे आणि तो शोरूमच्या गाडीतही आहे. न्यूट्रलमध्ये सोडण्याला परवानगी आहे का? आणि इंजिन बंद करून?

झिरोमाइल

इंजिन बंद करून अजिबात नाही. ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेली व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपते, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जातं. किल्ली चुकून एक घर जास्त मागे गेली तर स्टिअरिंग लॉक होतं. निरीक्षकानं पाहिलं की गाडी तिथंच बाद.

न्यूट्रलही नको. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय उचलला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगला तासाला अर्धा-पाऊण लिटर जळतं. फायदा कुठे आहे?

लिटरमीटर

इथं तुमचं अर्धंच बरोबर आहे. गिअरमध्ये पाय उचलला की पेट्रोल शून्य, पण इंजिन गाडीला मागे खेचतं आणि ५०० मीटर जाणारी गाडी २०० मध्येच मंदावते. मग तो वेग परत मिळवायला पेट्रोल लागतंच. पुढं सिग्नल लाल दिसतोय, टोलनाका येतोय, थांबायचंच आहे, तिथं गिअरमध्येच पाय उचला. वेग टिकवायचा असेल तर न्यूट्रल सरस. ५० ला आयडलिंगचे ०.७ लिटर म्हणजे १०० किलोमीटरला १.४ लिटर, आणि त्याच वेगानं पाचव्यात सतत चालवली तर ४ च्या आसपास. म्हणून चौथ्यात साधारण १५०० ते २३०० आरपीएममध्ये ॲक्सिलरेटर बऱ्यापैकी दाबून ४० चे ६० करायचे आणि परत ४० पर्यंत सोडून द्यायचं, हे ढकल-सोड तंत्र कागदावर जिंकतं. हळूहळू वेग घेतला की पेट्रोल वाचतं ही समजूत चुकीची आहे. अर्धवट उघड्या थ्रॉटलवर (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवर) इंजिनाची बरीच ताकद हवा आत ओढण्यातच जाते.

तरीही एनएच ४४ वर मागे ट्रक असताना ४०-६०-४० करणाऱ्याला मी स्वतः बाद ठरवीन. ते मोकळ्या ट्रॅकवर शोभतं.

वर्धारोड

ढकल-सोड करणाऱ्याला बाद ठरवायचं हे वाक्य नियमांत जसंच्या तसं टाका.

स्पॅनर१२

ठीक, पटलं. आता सगळ्यात कच्चा मुद्दा, ज्यावर ही सगळी स्पर्धा उभी आहे: मोजणार कसं? १०० किलोमीटरला चांगल्या गाडीला लागणार ४ लिटर. टाकी फुल ते फुल मोजण्यात सहज २०० मिलिलिटरचा फरक पडतो. नोझल जरा तिरपं बसलं, फेस आला, गाडी एका बाजूला कलली की झालं. हे ५ टक्के आहेत, आणि आपण वर एकेक टक्क्यासाठी भांडतोय. मोबिलगॅसमध्ये मूळ टाकीची जोडणी सोडवून डिक्कीत मोजमापाची वेगळी टाकी बसवत. तसंच करू या.

लिटरमीटर

ते कार्ब्युरेटरचे दिवस होते भाऊ. आजच्या गाडीत पंप टाकीच्या आत असतो आणि लाइनमध्ये ३ बारच्या वर दाब असतो. बाहेरून टाकी जोडायची तर दाबाचे क्लॅम्प, वेगळा पंप आणि रेग्युलेटर लागतो. एक क्लॅम्प सैल राहिला तर डिक्कीत पेट्रोलचा फवारा. हे मान्य नाही.

स्कॅनर लावून ॲपवर वाचायचं म्हणाल तर त्यातही खोच आहे. बरीचशी ॲप आत गेलेल्या हवेवरून पेट्रोल काढतात आणि हवा-पेट्रोल प्रमाण १४.७ धरतात. आपल्या पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याचं प्रमाण साडेतेराच्या आसपास. म्हणजे ॲप ७-८ टक्के पेट्रोल कमी जळालं असं दाखवणार आणि प्रत्येक जण खूश होणार. सेटिंगमध्ये प्रमाण बदला, तरच तो आकडा तुलनेला चालेल.

टाकीच भरायची तर फेऱ्या दोन करा, २०० किलोमीटर. चूक तेवढीच राहते आणि टक्का निम्मा होतो. तोच पंप, तेच नोझल, जमिनीवर खुणा करून चारही चाकं त्याच जागी, सगळ्यात मंद धार, आणि पहिल्या क्लिकला थांबायचं. 'अजून थोडं घाला' म्हणत गळ्यापर्यंत भरू नका. जास्तीचं पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं, मापही बिघडतं आणि डबाही.

झिरोमाइल

दोन फेऱ्या मान्य, मग वेळ साडेचार तास. हवेची मर्यादा ३६, एकच गेज. ब्रेक-अलाइनमेंटची दुरुस्ती हवी तेवढी करा. पत्रे, पट्ट्या, झाकणं नाहीत, यावर मी ठाम आहे.

स्पॅनर१२

आणि मी त्याच्या विरोधात ठाम आहे. पत्रे लावलेल्यांचा वेगळा तक्ता करा, कोणाचं काय जातं? निदान एक करा: सुटायच्या आधी प्रत्येक गाडीची सोड-चाचणी घ्या. सपाट पट्ट्यावर ६५ ला न्यूट्रल, ६० ते ४० उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. वर दिलेल्या हॅचबॅकला साधारण २८ लागायला हवेत. २२ आले तर ब्रेक घासतोय, पायाचा दोष नाही. सेकंद निकालाच्या शेजारी लिहा, म्हणजे गाडीचं किती आणि चालकाचं किती ते सगळ्यांना दिसेल.

लिटरमीटर

चाचणी दोन्ही दिशांनी घ्या आणि सरासरी काढा, नाहीतर डोळ्याला न दिसणारा उतारही पाच सेकंदांचा घोटाळा करतो. वेग काट्यावर वाचू नका, काटा नेहमी थोडा जास्त दाखवतो. जीपीएस घ्या. आणि ती वारा सुटायच्या आत उरका. ताशी २० चा वारा समोरून आला तर परतीला पाठीमागून मिळून फिटतो असं वाटतं, पण विरोध वर्गानं वाढतो. ६० ला जाताना ८० चा वर्ग, येताना ४० चा वर्ग, दोन्हींची सरासरी ६० च्या वर्गाहून ११ टक्के जास्त निघते.