खारीसाठी शांत घर हवंय

मेधा, टार्नीट | शनिवार, ५ जुलै

नमस्कार मंडळी,

आजवर मेलबर्नच्या आपल्या मंडळाच्या या मेल-यादीवर मी फक्त नाटकाच्या तालमींच्या वेळा आणि "कुणाकडे जास्तीचे मोदकाचे साचे आहेत का?" एवढंच लिहिलं. आजचं काम वेगळं आहे आणि लिहिताना जीव थोडा खालीवर होतोय.

आमच्याकडे खारी नावाची ग्रेहाउंड जातीची कुत्री आहे. वय साडेचार, वजन २७ किलो, रंग अगदी बेकरीतल्या खारीचा, म्हणून हे नाव. शर्यतीच्या ट्रॅकवरून निवृत्त झालेली. कानात गोंदलेली खूण अजून दिसते. चौदा महिन्यांपूर्वी एका बचाव संस्थेकडून तिला आणलं, तेव्हा तिला घर म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. काचेचं दार तिने दोनदा नाकाने फोडायचा प्रयत्न केला, कारण काच असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. जिन्याची पहिली पायरी चढायला अकरा दिवस लागले. कुकरची शिट्टी झाली की थेट लाँड्रीत. पण हळूहळू ती आमची झाली. संध्याकाळी सोफ्यावर पाय वर करून झोपायची.

एप्रिलपासून माझी बहीण दोन मुलांना घेऊन आमच्याकडे आहे आणि आता इथेच राहणार आहे. मोठी चार वर्षांची, धाकटा दोनचा. गेल्या बुधवारी धाकटा पळता पळता झोपलेल्या खारीच्या अंगावर पडला. ग्रेहाउंड बरेचदा डोळे उघडे ठेवून झोपतात, बघणाऱ्याला वाटतं जागी आहे. ती दचकून उठली, गुरगुरली आणि त्याच्या तोंडासमोर हवेत दात वाजवले. लागलं काही नाही. बहिणीला मी दोष देत नाही, खारीलाही नाही. पण तेव्हापासून ती वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्या फटीत राहते आणि रात्री अकरानंतर, सगळं घर निजल्यावर जेवायला बाहेर येते. काल मी तिथे फरशीवर बसले तर तिने मान माझ्या मांडीवर ठेवली आणि बाहेर मुलांचा आवाज आल्यावर पुन्हा आत ओढून घेतली.

संस्थेशी बोलले आहे. करारातच आहे की ठेवता आलं नाही तर कुत्रा त्यांच्याकडेच परत द्यायचा. पण त्यांच्याकडे परत गेली तर काही आठवडे पिंजऱ्यात. ओळखीत योग्य घर मिळालं तर ते येऊन बघतील आणि कागद थेट नव्या माणसाच्या नावावर करतील, असं संस्थेच्या बाई म्हणाल्या.

घरात लहान मुलं नकोत, मांजर नको. बाकी मोठं घर, मोठं आवार यातलं काहीही लागत नाही.

मेधा

---

यादीचालक | शनिवार, ५ जुलै

मेधा, एक तांत्रिक गोष्ट. आपल्या व्हिक्टोरिया राज्यात १ जुलै २०१९ पासून कुत्रा-मांजर द्यायची जाहिरात करताना मायक्रोचिपचा नंबर आणि सोर्स नंबर (देणाऱ्याला सरकारी नोंदवहीत मिळणारा क्रमांक) द्यावा लागतो. फुकट द्यायचा असला तरी. आपली यादी खासगी असली तरी कुणीतरी हे फेसबुकवर टाकणारच. दोन्ही नंबर संस्थेकडून घेऊन पाठव, मी मेलला जोडतो.

बाकी सगळ्यांना: ढोल-ताशाच्या सरावाचा धागा वेगळा आहे. कृपया तिथेच भांडा.

---

अमोल, पॉइंट कुक | शनिवार, ५ जुलै

मेधाताई, आमची दोन्ही मुलं (सात आणि नऊ) वर्षभर कुत्रा मागतायत. मागे मोठं आवार आहे, खारीला मनसोक्त पळता येईल. रविवारी सगळे येऊन बघू का? मुलं खूप प्रेमळ आहेत, दिवसभर तिला मिठीत घेऊन बसतील.

---

श्रीकांत, ग्लेन वेव्हर्ली | शनिवार, ५ जुलै

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. कुत्रा म्हणजे चपला नव्हेत, लागल्या म्हणून बदलायला. चौदा महिन्यांत तिने तुमच्यावर विश्वास टाकला आणि आता तुम्ही तिला दुसरीकडे धाडणार. एखाद्या खोलीत ठेवून, मुलांना शिस्त लावून जमत नाही का? आणि गुरगुरली तर तिथल्या तिथे दटावायला हवं होतं.

---

मेधा, टार्नीट | रविवार, ६ जुलै

अमोल, मुलं गोड आहेत, मला माहीत आहे, पिकनिकला पाहिली आहेत. पण दिवसभर मिठी हीच तिची मोठी भीती आहे. घाबरट कुत्र्याला वरून वाकून कुरवाळलं की तो जागच्या जागी थिजतो. आपल्याला वाटतं, किती शांत आहे! शांत नसतो, पळायची वाट सापडत नसते. आणि पळायचं म्हणशील तर ग्रेहाउंड दिवसाचे सोळा-अठरा तास झोपतात. तुझ्या आवारात ती एक चक्कर मारून पुन्हा दारात उभी राहील. तुमच्या घराला एखादा दांडगा, मुलांत लोळणारा कुत्रा शोभेल. संस्थेच्या बाईंना सांगते, अशी दोन-तीन पिल्लं मोठी होतायत त्यांच्याकडे.

श्रीकांतकाका, राग आला, खोटं कशाला सांगू. पण तुमचा प्रश्न मीही स्वतःला आठवडाभर विचारतेय. वेगळी खोली करून पाहिली. दाराला बेबी गेट लावलं. दोन वर्षांचं मूल गेटच्या जाळीतून बोटं घालून "खाली, खाली" अशा बोबड्या हाका मारतं, आणि ती भिंतीला चिकटून थरथरते. याला खोली म्हणत नाहीत.

गुरगुरण्याबद्दल मात्र तुमचं पटत नाही. गुरगुरणं हा इशारा आहे. "मला सोड" एवढंच ती सांगत असते. दटावून तो इशारा बंद केला की पुढच्या वेळी ती इशारा न देता चावेल. त्या दिवशी तिने इशारा दिला म्हणून भाच्याचं नाक शाबूत आहे.

---

शैला, रिंगवूड | रविवार, ६ जुलै

मेधा,

मी यादीवर फारशी लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, एकटी राहते, दोन खोल्यांचं युनिट आहे, खालच्या मजल्यावर. माझ्याकडे फारसं कुणी येत नाही आणि येणारा फोन करून येतो. दिवसभर विणकाम आणि रेडिओ, तोही हळू.

पण माझ्या शंका फार आहेत. (१) आवार नाही, चार पावलांची सिमेंटची जागा आहे फक्त. (२) युनिट भाड्याचं आहे. (३) आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, घरात मांस शिजवणं मला जमणार नाही. (४) मी कधी कुत्रा पाळलेला नाही, लहानपणी सांगलीला वाड्यात मोती होता तो बाहेरचाच. (५) माझं वय बासष्ट. ती ओढून मला पाडेल का?

नाही म्हणालीस तरी वाईट वाटणार नाही.

शैला

---

मेधा, टार्नीट | रविवार, ६ जुलै, रात्री

शैलाताई,

तुमची मेल वाचून मी लाँड्रीत जाऊन खारीला वाचून दाखवली. हसू नका.

आवाराचं वर लिहिलंच. दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं फिरवलं की पुरे. मात्र कायम पट्ट्याला बांधून. २०१९ पासून व्हिक्टोरियात पाळीव ग्रेहाउंडला बाहेर मुसकी घालावी लागत नाही, पण पट्टा अजूनही सक्तीचा आहे आणि तो नियम योग्यच आहे. ही जात ताशी साठ किलोमीटरने धावते आणि तिला रस्ता कळत नाही. कुंपणावर पॉसम (झाडांवर राहणारा छोटा प्राणी) दिसला की तुमची हाक तिच्या कानात शिरत नाही. गळ्यात साधा पट्टा चालत नाही, कारण यांची मान डोक्यापेक्षा जाड असते, मागे सरकली की पट्टा अलगद कानांवरून निघून येतो. मार्टिंगेल नावाचा रुंद पट्टा येतो, ओढला की तेवढ्यापुरता आवळतो. तो मी देते. ओढत मात्र नाही हो ती, उलट तुमच्या मागे लपून चालते.

भाड्याचं घर: घरमालकाकडे ठरलेल्या फॉर्मवर परवानगी मागायची. नाही म्हणायचं असेल तर त्याला १४ दिवसांत व्हीकॅटकडे (भाड्याचे तंटे सोडवणारं राज्याचं न्यायाधिकरण) जावं लागतं, नुसतं "नको" म्हणून भागत नाही. २०२० पासूनचा नियम. फॉर्म आपण मिळून भरू.

मांस शिजवायची गरजच नाही. ती कोरडं खाणं खाते, पिशवीतून वाडग्यात ओतायचं, वास येतो तेवढा सोसा. साधा दहीभात आवडतो तिला. पण फोडणीचं काही देऊ नका, कांदा-लसूण दोन्ही त्यांना विषारी. मनुका-बेदाणे तर अजिबात नाही, म्हणजे प्रसादाचा शिराही नाही. चॉकलेट नाही, मॅकाडेमिया नाही.

एकच विचारते. तुम्ही कुकर लावता का?

---

शैला, रिंगवूड | सोमवार, ७ जुलै

एकटीला कसला कुकर! वाटीभर भात पातेल्यात होतो, वरण विजेच्या भांड्यात. शिट्टी नाही. मिक्सर आहे, पण गेल्या दिवाळीनंतर काढलेला नाही.

---

मेधा, टार्नीट | रविवार, १३ जुलै

ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांसाठी एकत्रच लिहिते.

काल शैलाताई आल्या. मुलांना बहीण बागेत घेऊन गेली होती. मी आधीच सांगितलं होतं: तिच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, नाव घ्यायचं नाही. शैलाताई लाँड्रीच्या दाराबाहेर, दाराकडे पाठ करून, जमिनीवर उशी टाकून बसल्या आणि पिशवीतून लोकर काढून विणायला लागल्या. चाळीस मिनिटं आम्ही मंडळाच्या हिशेबांवर बोललो (खजिनदार, तुमची उचकी थांबली असेल). मग खारी फटीतून बाहेर आली. मान लांब करून लोकरीच्या गुंड्याचा वास घेतला. शैलाताईंच्या कोपराचा घेतला. त्यांनी सुया थांबवल्या नाहीत, एवढंच मला त्यांच्याबद्दल कळायचं होतं.

परवानगीचा फॉर्म बुधवारीच दिलाय. संस्थेच्या बाई या आठवड्यात युनिट बघतील. सगळं नीट झालं तर २६ तारखेला खारी जाईल, आधी तीन आठवडे तात्पुरती. तोवर तिची सोय आमच्या झोपायच्या खोलीत, आतून कडी लावून. नवरा हॉलमध्ये.

---

श्रीकांत, ग्लेन वेव्हर्ली | रविवार, १३ जुलै

मेधा, मागचा मेल घाईत लिहिला. २६ ला गाडी लागली तर माझी मोठी आहे, मागची सीट आडवी होते.

---

शैला, रिंगवूड | सोमवार, ४ ऑगस्ट

मंडळी,

घरमालकाचं उत्तर आलंच नाही. १४ दिवस उलटले, म्हणजे परवानगी मिळाली असं धरायचं.

खारी आली त्याला नऊ दिवस झाले. टार्नीटहून येताना वेस्ट गेट ब्रिजवर आणि पुढेही पूर्ण वेळ उभीच होती. श्रीकांतरावांनी गाडी इतकी हळू चालवली की मागचे भोंगे वाजवत होते. मेधाने तिची गोधडी न धुता दिली होती, तीच कपाटाशेजारी घातली. पहिले दोन दिवस त्या गोधडीवरून फक्त बाहेर जायला उठली. मी रोज तिथे बसून विणते. तिसऱ्या रात्री मी झोपल्यावर खाल्लं. सहाव्या रात्री मी जागी असताना, पण पाठ करून. काल दुपारी मी टाके मोजत होते तेव्हा तिने लोकरीचा गुंडा तोंडात धरून गोधडीवर नेला आणि त्यावर हनुवटी ठेवून झोपली. डोळे उघडेच. मी तो गुंडा मागितला नाही, स्वेटर दुसऱ्या रंगात पूर्ण करते.

एक अडचण. गोधडीपासून स्वयंपाकघरापर्यंत गुळगुळीत टाइल्स आहेत आणि त्यावर तिचे पाय फाकतात, म्हणून ती कडेला उभी राहून माझ्याकडे बघत बसते. सध्या योगाची चटई आणि दोन टॉवेल अंथरलेत, पण मध्ये दीड मीटर उघडं राहतं. कुणाकडे जुनी सतरंजी पडून असेल, मागे रबर नसलं तरी चालेल, तर कळवा. मी येऊन घेऊन जाईन. माझ्याकडे येणार असाल तर फोन करून या, आणि बेल वाजवू नका.

शैला