सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' आणि तिच्यानंतरचा ताफा

होटगी रस्ता (प्रश्न)
वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली आपल्या सोलापुरात झाला, हे येथे कोणाला सांगायला नको. त्यांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली आणि म्हणून तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन ठरला, एवढे सांगून बहुतेक लेख थांबतात. ही बोट मुळात कोणाची होती, आणि पुढे कंपनीकडे उतारूंच्या बोटी कितपत आल्या?

गोदीकाठ
'लॉयल्टी' नवी नव्हती. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने व्हँकुव्हर, योकोहामा आणि हाँगकाँग या मार्गासाठी १८९१ साली ज्या तीन 'एम्प्रेस' बोटी आणल्या, त्यांतली ही 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. पांढरीशुभ्र, दोन धुराड्यांची, तीन डोलकाठ्यांची, सुमारे सहा हजार टनांची. इतर दोघी 'जपान' आणि 'चायना'. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेऊन हिंदी सैनिकांसाठी तरंगते रुग्णालय केली आणि तिला 'लॉयल्टी' हे नाव दिले. वालचंद, नरोत्तम मोरारजी आदींच्या हाती ती आली तेव्हा तिची उमेद सरली होती. १९२३ मध्ये ती मोडीतच निघाली. नफ्याच्या दृष्टीने हा सौदा फसला, असेच माझे मत आहे.

बाळीवेस
उतारूंचे उत्तर १९२३ च्या करारात आहे. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया या इंग्रजी आगबोट कंपनीने भाडी पाडून सिंदियाला जेरीस आणले आणि अखेर दहा वर्षांच्या करारात तिला किनारी व्यापारापुरते व ७५,००० टनांच्या मर्यादेत बांधून टाकले. त्यामुळे हज यात्रेकरूंसाठी 'एल मदिना' आणि 'एल हिंद' या बोटी यायला १९३७-३८ साल उजाडले, तर 'जल आझाद' व 'जल जवाहर' या उतारू बोटी स्वातंत्र्यानंतर विलायतेच्या मार्गावर आल्या. विशाखापट्टणमच्या गोदीत कंपनीने बांधलेली 'जल उषा' मात्र मालवाहू. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती पाण्यात उतरली. 'इस्कॉन'चे संस्थापक स्वामी प्रभुपाद १९६५ साली अमेरिकेला गेले, तेही सिंदियाच्याच 'जलदूत' या मालवाहू बोटीने.

गोदीकाठ
एक पुरवणी. 'लॉयल्टी'ला पहिली स्वदेशी बोट म्हणण्याची चाल पडली आहे, ती बरोबर नाही. तमिळ देशभक्त चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ सालीच स्वदेशी कंपनी काढून तुतिकोरीन ते कोलंबो बोटी चालवल्या होत्या. विलायतेपर्यंत मजल मारली ती सिंदियाने.