मदत हवी: फोरेयस-लिंडक्विस्ट परिणाम उलटा येतोय

सूक्ष्मनलिका:
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी फोरेयस-लिंडक्विस्टचा १९३१ चा प्रयोग पुन्हा करतोय. ०.३ मिमीपेक्षा बारीक नळीत रक्ताची भासमान व्हिस्कॉसिटी (प्रवाहावरून काढलेला घट्टपणा) उतरायला हवी, इथे वाढतेय. तपासलेलं मानवी रक्त, गोठू नये म्हणून ईडीटीए, हिमॅटोक्रिट (रक्तातला पेशींचा वाटा) ४५ टक्के, तापमान २५ अंश. काचेच्या नळ्या ३०० आणि ५० मायक्रॉन, दोन्ही १० सेंमी. दाब २० सेंमी पाण्याचा. बाहेर आलेलं रक्त तराजूवर तोलून प्वाझयच्या सूत्रात (नळीतल्या प्रवाहावरून व्हिस्कॉसिटी देणाऱ्या) घातलं. पाण्याच्या तुलनेत ३०० ला ५, ५० ला साडेसहा! बकऱ्याच्या रक्तावर जमेल का?

लालपेशी:
दाब आणि लांबी सारखी ठेवलीत, तिथेच घोळ आहे. भिंतीवरचा शिअर स्ट्रेस (प्रवाहाचा भिंतीशी घासणारा ताण) म्हणजे दाब × व्यास ÷ (४ × लांबी). तुमच्या ३०० च्या नळीत तो साधारण १.५ पास्कल, ५० च्या नळीत जेमतेम पाव पास्कल. इतक्या मंद प्रवाहात पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात आणि तुम्ही मोजता ती चळतींची व्हिस्कॉसिटी. बारीक नळी १.७ सेंमीची कापा, दाब तोच राहू द्या, म्हणजे ताण दोन्हीकडे सारखा होईल. कापलेलं टोक सूक्ष्मदर्शकाखाली बघा. कपचा उडाला असेल तर तिथेच पेशी अडकतात.

मोजमाप:
त्यात भर व्यासाची. प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. लेबलावर ५० आणि प्रत्यक्षात ४६ असेल तर प्रवाह २८ टक्के घटतो आणि ती सगळी तूट व्हिस्कॉसिटीच्या नावावर जमा होते. म्हणून सूत्र नकोच. त्याच नळीतून, त्याच दाबाला आणि तापमानाला आधी त्याच रक्ताचा प्लाझ्मा (पेशी काढलेला द्रव) सोडा, मग तेवढंच रक्त, आणि रक्ताला लागलेल्या वेळेला प्लाझ्माच्या वेळेने भागा. व्यासाची चूक आपोआप कटते. पाण्याशी तुलना केली की प्लाझ्माचा स्वतःचा घट्टपणाही आकड्यात मिसळतो. प्लाझ्माच्या तुलनेत ३०० ला सुमारे ३ आणि ५० ला सुमारे २ यायला हवेत.

गाळणी:
तराजूही सोडा. ५० मायक्रॉनच्या नळीतून मिनिटाला अर्धा मायक्रोलिटरही येत नाही. थेंब तोलेपर्यंत वाळतो. पुढे अर्ध्या मिमीची आडवी नळी सलाईन भरून जोडा आणि तिच्यातला मेनिस्कस (द्रवाचा वक्र कडा-पृष्ठभाग) मिनिटाला किती सरकतो ते मोजा. नळीला रक्त पुरवणाऱ्या वरच्या सिरिंजमध्ये पेशी खाली बसतात, त्यामुळे आत जाणारा हिमॅटोक्रिट ४५ राहत नाही. छोटा चुंबकी दांडा हळू फिरता ठेवा. जोरात फिरवलात तर पेशी फुटतील. रक्त काढल्यापासून ४-५ तासांत संपवा. रक्तपेढीच्या जुन्या पिशवीतल्या पेशी ताठर आणि काटेरी झालेल्या असतात.

बकऱ्याचं नको. त्याची तांबडी पेशी साधारण ३ मायक्रॉनची, माणसाची ७-८. पेशी बारीक म्हणून भिंतीलगतचा पेशीविरहित थर पातळ, आणि सगळा खेळ त्या थराचाच. शिवाय ती चळती जवळजवळ करतच नाही. मानवी आकड्यांशी ताळा बसणार नाही.

सूक्ष्मनलिका:
आडव्या नळीत मेनिस्कस स्वतःच ओढ घेईल ना?

लालपेशी:
घेईल, अर्ध्या मिमीला ५-६ सेंमी पाण्याइतकी. सिरिंज खाली आणत मेनिस्कस थांबतो ती उंची शोधा. तिथे शून्य, आणि २० सेंमी तिथून वर मोजा. प्लाझ्मासाठी हे शून्य वेगळं काढा.